इंदुरात नवीन आहात? बार, लाइव्ह बँड आणि सराफा: शनिवारची रात्र कशी आखायची

पुण्या-मुंबईहून, जळगाव-नागपूरहून इंदुरात नोकरीला येणारी मराठी पोरं-पोरी आता खूप झालीत, कोणी सुपर कॉरिडॉरला टीसीएस-इन्फोसिसमध्ये, कोणी बँकेत, कोणी आयआयएमला शिकायला, आणि पहिला पगार झाला की सगळ्यांचा तोच प्रश्न, की शनिवारी रात्री जायचं कुठे, चांगला बार कुठला, लाइव्ह गाणं कुठे ऐकायला मिळेल. मी इथलाच, राजेंद्र नगरात वाढलेला, गाण्याचा नाद लहानपणापासून, त्यामुळे हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, टप्प्याटप्प्यानं, म्हणजे तुमचा शनिवार फुकट जाणार नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. इथली रात्र लवकर सुरू करायची. मुंबईत लोक दहाला तयार होऊन साडेदहाला बारमध्ये शिरतात, ती सवय इथे चालत नाही, कारण इथे साधारण साडेअकराला लास्ट ऑर्डर होते आणि बाराला जागा रिकामी करायला सांगतात, म्हणजे तुम्ही साडेदहाला पोचलात तर बँडचं शेवटचं अर्धं-पाऊण तास गाणं मिळेल तेवढंच. आणि नेमका त्याच वेळी सराफा, म्हणजे राजवाड्याजवळची रात्रीची खाऊगल्ली, रंगात आलेला असतो. म्हणून इंदूरची रात्र दोन भागांत आखा, साडेसात ते अकरा गाणं आणि ग्लास, अकरानंतर सराफा. हे एवढं जमलं की बाकी सगळं सोपं आहे.

इंटरनेटवर जुने लेख सापडतील की इंदूर २४ तास सुरू असतं वगैरे. २०२२ मध्ये बीआरटीएसच्या, म्हणजे खास बसमार्गाच्या रस्त्यावर दुकानं, खाण्याची ठिकाणं, ऑफिसं रात्रभर उघडी ठेवायची परवानगी दिली होती हे खरं, पण त्यात बार तेव्हाही नव्हते, आणि २०२४ मध्ये ती परवानगीही काढून घेतली. त्यामुळे त्या लेखांवर विसंबून रात्री एकला विजय नगरात बार शोधत फिरू नका.

पहिलं काम: आधी गाणं ठरवा, मग जागा

बहुतेक लोक उलट करतात. इन्स्टावर झुंबरं, निऑनचा बोर्ड, निळा लाइट बघतात आणि टेबल बुक करतात, मग तिथे गेल्यावर कळतं की आज डीजे आहे आणि समोर बसलेल्याचा आवाज पण ऐकू येत नाही. सजावट तुम्ही दहा मिनिटं बघणार, गाणं तीन तास ऐकायचंय, म्हणून आधी हे ठरवा की आज काय ऐकायचा मूड आहे.

अनप्लग्ड म्हणजे दोघं-तिघं, एक गिटार, एक गाणारा किंवा गाणारी, आणि काहोनवाला. काहोन म्हणजे तो लाकडी खोका, वाजवणारा त्याच्यावरच बसतो आणि दोन पायांच्या मधे हात घालून समोरच्या फळीवर वाजवतो. कधी जवळून बघा, मधे मारलं की ढोलासारखा खालचा आवाज निघतो आणि वरच्या कडेला बोटांनी मारलं की स्नेअरसारखा चरचरीत, एका खोक्यात अख्खा ड्रमसेट. गप्पा मारत ऐकायचं असेल, पहिल्या डेटला जायचं असेल, ऑफिसच्या लोकांना घेऊन जायचं असेल, तर हेच निवडा. माझं तर मत आहे की नवख्या माणसानं पहिल्यांदा अनप्लग्डच ऐकावं.

फुल बँड म्हणजे ड्रम्स, बेस, कीबोर्ड सगळं. शुक्रवार-शनिवारी हेच जास्त, गाणी बहुतेक हिंदी सिनेमाची, नव्वदीच्या दशकातली सुरुवातीला आणि मग वेग वाढत जातो. किशोर कुमार तर होणारच, त्यांचं गाव खंडवा इथून जवळ, आणि ते शिकले पण इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात, त्यामुळे इथला पब्लिक किशोरच्या गाण्यावर हक्कानं गातो.

सूफी नाइट हा तिसरा प्रकार, हार्मोनियम, तबला किंवा ढोलक, मागे कोरस. ही बहुतेक मोठ्या जागांमध्ये आणि हॉटेलांमध्ये होते, आणि इथे ऐकणारे लोक वयानं जरा मोठे, घरची माणसं घेऊन आलेले असतात. आई-बाबा गावाकडून आले असतील आणि ते बारच्या नावानं बिचकत असतील तर अशा संध्याकाळी बिनधास्त न्या, त्यांना आवडतं.

डीजे नाइट, कराओके, लेडीज नाइट हे सगळं पण आहे. लेडीज नाइट आठवड्याच्या मधल्या वारी असते बहुतेक ठिकाणी. कराओके मित्रांचा घोळका असेल तर मस्त, दोघंच असाल तर कंटाळा येतो.

आणि एक प्रकार जो बारमध्ये होत नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९, आणि उस्ताद अमीर खाँसाहेब इथेच वाढले, इंदूर घराणं म्हणतात ते त्यांच्या गायकीमुळेच. त्या शहरात तुम्ही राहून राहिलात, तर महिन्यातून एक संध्याकाळ त्या गाण्याला द्या. सानंद न्यास ही इथली मराठी संस्था आहे, मराठी नाटकं आणि गाण्याचे कार्यक्रम आणते, सभासद होऊन जा, मैफलीला पण जाता येतं आणि इथली मराठी माणसं पण ओळखीची होतात. रवींद्र नाट्यगृहात काय चाललंय त्यावर लक्ष ठेवा. असे कार्यक्रम बहुतेक साडेनऊ-दहाला संपतात, त्यानंतर जेवण आणि सराफा असा बेत छान जमतो, त्या दिवशी बारची गरजच नाही.

मोठे स्टेडियमछाप शो वेगळे, ते वर्षातून काही वेळा. ८ डिसेंबर २०२४ ला दिलजीत दोसांझचा शो झाला आणि त्यानं तो इथले शायर राहत इंदौरी यांना अर्पण केला, इंदूरवाल्यांना त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. असल्या शोला बायपासकडचा ट्रॅफिक धरून दोन-अडीच तास आधी निघायचं, दुसरा उपाय नाही.

दुसरं काम: भाग निवडा

मी इथे बारची नावं देत नाहीये, मुद्दाम. इंदुरात बारची नावं आणि मालक फार लवकर बदलतात, आज जिथे चांगला बँड आहे तिथे वर्षभरानं कपड्यांचं शोरूम दिसेल. भाग मात्र बदलत नाहीत, ते ओळखून ठेवा.

विजय नगर आणि त्याच्या आजूबाजूचा एबी रोड, स्कीम ५४, सी२१ मॉल, मल्हार मेगा मॉलचा परिसर, हा मुख्य भाग. सगळ्यात जास्त बार, लाउंज, रूफटॉप इथेच, एक आवडला नाही तर चालत दुसरीकडे जाता येतं, रात्री कॅब पण लगेच मिळते. नवीन आहात तर सुरुवात इथूनच करा. तोटा एकच, शनिवारी पार्किंगचे हाल.

पलासिया, गीता भवनकडे जरा जुन्या धाटणीच्या जागा, शांत, छप्पन दुकान ही खाऊगल्ली बाजूलाच, त्यामुळे आधी छप्पनला काहीतरी खाऊन मग बारला असा क्रम लावता येतो. उलटा क्रम लावू नका, छप्पन सराफ्याच्या मानानं लवकर आवरतं.

मोठी हॉटेलं, म्हणजे विजय नगरचं सयाजी, स्कीम ५४ मधलं मॅरियट, रिंगरोडचं रॅडिसन ब्लू, बायपासवरचं शेरेटन ग्रँड पॅलेस. हॉटेलच्या बारमध्ये पैसे जास्त लागतात पण आवाज बेताचा, वॉशरूम स्वच्छ, स्टाफ व्यवस्थित, आणि पोरी-पोरींनाच जायचं असेल तर मी आधी हॉटेलचाच बार सुचवेन.

बायपासवर मोठमोठी मोकळी ठिकाणं झालीत, लॉन, झाडांवर लाइटिंग, स्टेज, दिसायला फार सुंदर. पण तिथून परतायची सोय आधी झालेली पाहिजे, रात्री बाराला बायपासवर उभं राहून कॅबची वाट बघणं काही खरं नाही. मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली पण ती सुपर कॉरिडॉरच्या बाजूला, रात्रीच्या या फिरण्यात तिचा हिशेब धरू नका.

तिसरं काम: फोन करा

हा टप्पा लोक हमखास टाळतात आणि मग दारातून परत येतात. दुपारी चार-पाचच्या सुमारास फोन लावा, तेव्हा मॅनेजर मोकळा असतो, आणि सरळ विचारा, "भिया, आज बँड है क्या, कितने बजे से?" इथे सगळे भियाच आहेत, लाजू नका. मग पुढचे प्रश्न. बँड आत वाजवणार की गच्चीवर. कव्हर चार्ज, म्हणजे आत शिरायचे पैसे, आहे का, आणि असला तर तो पूर्ण खाण्यापिण्यात वळता होतो का, म्हणजे रिडीमेबल आहे का. नुसती मुलं असतील तर एन्ट्री देता का, कारण शनिवारी बऱ्याच ठिकाणी स्टॅग एन्ट्री बंद असते आणि चार मित्र नटूनथटून गेले की दारावरचा बाउन्सर हात जोडतो. टेबलाला मिनिमम बिल आहे का. आणि शेवटी, टेबल स्टेजपासून किती लांब.

आत की गच्चीवर हा प्रश्न का महत्त्वाचा ते सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, त्यात रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे, बंद हॉलमध्ये चालतं. मध्य प्रदेशात डिसेंबर २०२३ मध्ये नवं सरकार आलं तेव्हा लाउडस्पीकरवरचा आदेश पहिल्याच दिवशी निघाला, तेव्हापासून रूफटॉपवाले दहाला घाबरून असतात. म्हणजे गच्चीवरचा बँड दहाला थांबणार, नऊला पोचलात तर एक सेट ऐकून झालं. गच्ची हवी असेल तर साडेसातला खुर्चीत पाहिजे. दहानंतर गाणं हवं असेल तर आतली जागा निवडा, काच बंद, एसी सुरू, तिथे साडेअकरापर्यंत चालतं. हिवाळ्यात मी स्वतः आधी गच्ची आणि दहानंतर खाली येऊन आतला बार असं करतो, काही ठिकाणी एकाच बिल्डिंगमध्ये दोन्ही असतं.

चौथं काम: आयडी, कपडे आणि घरमालक काकू

मध्य प्रदेशात दारूसाठी वय २१ पूर्ण पाहिजे. महाराष्ट्रात हार्ड लिकरला २५ आणि वर परमिट, तसं इथे नाही, २१ झालं की झालं. पण आयडी मागतात, चेहरा कोवळा असेल तर नक्कीच, म्हणून आधार किंवा लायसन्स सोबत ठेवा, निदान डिजीलॉकरमध्ये. ग्रुपमध्ये एकच जण वीसचा असला तरी सगळ्यांची अडचण होते, तेव्हा आधीच विचारून घ्या.

ड्राय डेला बार बंद, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे तर आहेतच, शिवाय निवडणुकीत मतदान संपायच्या आधीचे ४८ तास. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीला, राजवाड्याकडचे रस्ते माणसांनी भरून जातात, त्या दिवशी बारचा बेत नको, गेर आणि झांक्याच बघा, त्याच्यापेक्षा मोठं इंदुरात काही नाही.

कपडे, मुलांसाठी सांगतो, चप्पल आणि हाफ पँट घालून शनिवारी जाऊ नका, दारात अडवतात. बंद बूट, जीन्स, साधा शर्ट पुरे. मुलींना कोणी अडवत नाही, फक्त हिवाळ्यात स्टोल-जॅकेट घ्याच, डिसेंबर-जानेवारीत रात्रीची थंडी बोचते आणि सराफ्यात उघड्यावर फिरायचंय.

आणि काकू. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, तिलक नगर इकडे मराठी घरांत वरची खोली भाड्यानं घेतली असेल तर दहाला गेट बंद होतं, हा नियम मोडायचा नाही, सांगून ठेवायचं. "काकू, आज मित्रांबरोबर गाण्याच्या कार्यक्रमाला चाललोय, यायला एक वाजेल, गेटची चावी घेऊन जातो," एवढं सांगितलं की काकू काही म्हणत नाहीत. न सांगता गेलात तर काका दीड वाजेपर्यंत ओसरीत जागे बसतात, आणि ते आपल्याला बरं वाटत नाही.

पाचवं काम: बसायचं कुठे

वेळेवर गेलात तर टेबल निवडायला मिळतं, म्हणून बँड आठला असेल तर साडेसातला जा. साउंडचेक सुरू असतो तेव्हा हॉल रिकामा असतो, गाणारी मुलगी माइकजवळ उभी राहून एकच ओळ परत परत म्हणते, मॉनिटर स्पीकरकडे बोट दाखवून थोडा वर-थोडा खाली अशी खूण करते, मागे बसलेला साउंडवाला स्लायडर सरकवतो. ते बघा. पुढची सगळी मैफल त्या वीस मिनिटांवर उभी असते, आणि ते बघितलं की नंतर आवाज फाटला तर चूक गाणाऱ्याची नाही हे पण कळतं.

टेबल घ्यायचं ते स्पीकरच्या सरळ समोर नाही आणि शेजारी तर मुळीच नाही. स्टेजपासून तिसरी-चौथी रांग, जरा मधे, आणि साउंडवाला जिथे बसतो त्याच्या जवळपास, कारण तो स्वतःच्या कानाला बरं लागेल असाच आवाज लावतो. बारच्या काउंटरजवळ मिक्सर आणि बर्फाचा खडखडाट असतो, गाणं ऐकायचं असेल तर तिथून लांब.

सहावं काम: ग्लासात काय

नवख्यांसाठी थोडा हिशेब. स्मॉल म्हणजे ३० मिली, लार्ज म्हणजे ६० मिली. व्हिस्की-रम आपल्याकडे ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे एका लार्जमध्ये जवळजवळ २६ मिली अल्कोहोल. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते, ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीत ५२ मिली, म्हणजे दोन लार्ज झाले. "मी फक्त बिअर पितो" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. ५ टक्क्यांची साधी पाइंट, ३३० मिली, ही त्यातल्या त्यात हलकी. शरीर साधारण तासाला एक स्मॉल एवढंच पचवतं, आणि तुमच्या हातात साडेतीन-चार तास आहेत, तेव्हा किती घ्यायचं ते तुम्हीच काढा.

कॉकटेलमध्ये लाँग आयलंड आइस्ड टीचं नाव बघून फसू नका, त्यात चहा नाही, व्होडका, जिन, रम, टकीला सगळं एका ग्लासात आहे आणि गोड असल्यानं लागत नाही. नवखे असाल तर जिन अँड टॉनिक किंवा व्हिस्की सावर मागवा, आणि एक घेतला की एक ग्लास साधं पाणी. पाणी मागायला संकोच करू नका, बाटलीच घ्या असा आग्रह झाला तरी साधं पाणी मागायचा तुम्हाला हक्क आहे.

मोहाची दारू हा इथला खास प्रकार. मध्य प्रदेश सरकारनं तिला हेरिटेज लिकरचा दर्जा दिलाय आणि आदिवासी बचतगट ती तयार करतात. कुठे मेन्यूत दिसली तर एक स्मॉल मागवून बघा, नाकाला फुलांचा वास आधी येतो. आपल्या जंगलातलं फूल, आपल्या लोकांच्या हातचं, चांगल्या ग्लासात येतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

ज्यांना प्यायचं नाही त्यांनी बिनधास्त यावं. लेमन सोडा, मॉकटेल, कोल्ड कॉफी, काहीही घ्या, कोणी वाकड्या नजरेनं बघत नाही. खायला मात्र थोडंच मागवा, एखादं स्टार्टर, सोबत शेंगदाणा मसाला, पापड, बस. पोटात सराफ्याची जागा राखून ठेवायची आहे. रिकाम्या पोटी पण पिऊ नका, निघायच्या आधी घरी पोळी-भाजी खाऊन निघालात तर उत्तम.

दारूच्या दुकानाबाहेर उभं राहून, गाडीत बसून पिणं हा प्रकार इथे करूच नका. दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, १ एप्रिल २०२३ पासून बंद केलेत, त्यामुळे पोलिसांचं लक्ष रस्त्यावर आणि गाड्यांवर जास्त असतं.

सातवं काम: गाणाऱ्यांशी कसं वागायचं

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. बँडमधली पोरं दिवसा कुठे शिकवतात, कोणी नोकरी करतं, संध्याकाळी गिटार पाठीला लावून बाइकवर येतात, आणि आपण समोर बसून मोबाइलमध्ये डोकं घालतो. गाणं संपलं की टाळी वाजवा, दोन टेबलांनी वाजवली की सगळा हॉल वाजवतो, नेहमी बघतो मी. साधारण पाऊण तासाचा सेट असतो, मग ब्रेक. फर्माइश द्यायची ती ब्रेकमध्ये, टिश्यू पेपरवर गाण्याचं नाव लिहून वेटरच्या हाती किंवा स्वतः जाऊन, गाणं सुरू असताना ओरडून नाही. एकाच गाण्यासाठी तीनदा मागे लागू नका, कधी त्यांच्याकडे ते बसलेलं नसतं.

मराठी गाणं मागा, जरूर मागा. इंदूरच्या बँडमध्ये एखादा मराठी पोरगा किंवा पोरगी असतेच, आणि ब्रेकमध्ये जाऊन "तुम्ही मराठी का?" विचारलंत की पुढच्या सेटमध्ये एक गाणं नक्की येतं. हॉलमधल्या कुठल्या-कुठल्या टेबलांवरून लोक सोबत गायला लागतात तेव्हा कळतं की होळकरांच्या या गावात आपण किती जण आहोत.

गाणाऱ्या मुलीला नोटा दाखवून जवळ बोलावणं, स्टेजवर चढणं, तिच्या तोंडासमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढणं, हे बिलकुल नाही. कौतुक करायचं असेल तर बँडचं नाव विचारा, त्यांचं पेज फॉलो करा, पुढचा शो कुठे ते विचारा आणि तिथे जा. चांगला बँड सापडला की बारच्या मागे नाही, बँडच्या मागे फिरायचं, बार बंद पडतात पण पोरं वाजवत राहतात.

आठवं काम: बिल

अकराला बिल मागवा, साडेअकराला सगळे एकदम मागतात आणि गोंधळ होतो. बिल वाचा. साध्या रेस्टॉरंटमध्ये खाण्यावर ५ टक्के जीएसटी, मोठ्या हॉटेलात १८ असू शकतो. दारूवर जीएसटी लागत नाही, राज्याचा व्हॅट लागतो, तेव्हा दारूच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर विचारा. सर्व्हिस चार्ज द्यायलाच पाहिजे असं नाही, २०२२ च्या ग्राहक प्राधिकरणाच्या सूचना आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्या योग्य ठरवल्यात, शांतपणे सांगितलं की काढून देतात. ते पैसे वेटरच्या हातात रोख टिप म्हणून द्या, ते त्याच्याकडेच जातात. कव्हर दिला असेल तर तो वजा झालाय का ते बघा.

नववं काम: गाडी चालवायची नाही

याच्यावर चर्चाच नको. रक्ताच्या १०० मिलीत ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की पहिल्यांदा १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि एका लार्जनंतरच बऱ्याच जणांचा आकडा त्याच्या वर जातो. विजय नगरात, रिंगरोडला शनिवारी रात्री चेकिंग असतं. पण दंड सोडा, बायपासवर रात्री ट्रक कसे धावतात ते बघितलंय ना. ओला, उबर, रॅपिडो सगळं इथे चालतं. घरून निघतानाच कॅबनं निघा म्हणजे गाडीचा मोह राहत नाही. एकट्या मुलींनी ट्रिप शेअर करून ठेवा, आणि काही वेडंवाकडं वाटलं तर ११२.

आणि आता सराफा

विजय नगराहून राजवाडा सात-आठ किलोमीटर, रात्री अकरानंतर रस्ता मोकळा असतो. कॅब राजवाड्यापाशी सोडा, आत गल्लीत गाडी शिरत नाही. दिवसभर सोन्या-चांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे ठेले लागतात, दीड-दोनपर्यंत चालतं. आधी नुसतं एक टोक ते दुसरं टोक चालून या, काही न खाता, मग ठरवा, नाहीतर पहिल्या दोन ठेल्यांवरच पोट भरतं.

माझा क्रम असा. आधी भुट्ट्याचा कीस, मका किसून दुधात शिजवलेला, वर लिंबू-कोथिंबीर, बिअर-व्हिस्कीनंतर पोटाला बरा. हिवाळा असेल तर गराडू, म्हणजे एक कंद, त्याचे तळलेले गरम तुकडे, वर मसाला आणि लिंबू, हे थंडीतच मिळतं म्हणून सोडायचं नाही. मग जोशींचा दहीबडा. तिथे उभं राहून बघायचं, दह्यानं भरलेला दोना वर हवेत उडवतात, तो गिरकी घेऊन हातात परत येतो आणि एक थेंब सांडत नाही, आणि मग एकाच चिमटीतले वेगवेगळे मसाले एकेक करून सोडतात, आधी मीठ, मग मिरची, मग जिरं, एकाच चिमटीतून. शेवटी गोड, जलेबा म्हणजे हातभर जलेबी, एक घ्या चौघांत, किंवा मालपुआ-रबडी. साबुदाण्याची खिचडी पण मिळते, वाफेवरची, शेव-मसाला घातलेली, घरच्यापेक्षा अगदी वेगळी, एकदा खाऊन बघा. सगळं शाकाहारी आहे, आणि हातातला दोना डस्टबिनमध्येच टाकायचा, इंदुरात रस्त्यावर टाकलात तर शेजारचा अनोळखी माणूस पण बोलून दाखवेल, आणि बरोबरच आहे त्याचं.

दारू जरा जास्त झालेला मित्र असेल तर त्याला सराफ्यात आणू नका. तिथे लहान पोरं घेऊन घरच्या बायका-माणसं फिरत असतात, म्हातारी माणसं असतात, गल्ली चिंचोळी, उकळतं तेल दोन्ही बाजूंना. त्याला आधी कॅबमध्ये बसवून घरी पोचवा, सराफा पुढच्या शनिवारी पण तिथेच आहे.

परतताना कॅब गल्लीत बोलावू नका, ड्रायव्हर कॅन्सल करतो, राजवाड्याच्या चौकापर्यंत चालत या आणि तिथून बुक करा.

रविवारी उज्जैनला जायचा बेत असेल तर आणखी एक. उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर या ठिकाणी १ एप्रिल २०२५ पासून दारूची दुकानं आणि बार बंद केलेत, त्यामुळे शनिवारची उरलेली बाटली गाडीत तशीच ठेवून निघू नका, घरी काढून ठेवा. आणि महाकालच्या भस्मारतीचं बुकिंग असेल तर ती पहाटे चारला असते, मग त्या शनिवारी बारचा बेतच करू नका, शुक्रवारी जा, शुक्रवारी बँड पण तेच असतात आणि टेबल सहज मिळतं.